ब्रिन लोकेनचा गुडघा

कोल्बर्ट, आयोवा
रविवार, ९ ऑक्टोबर २०११

प्रिय मार्लिस,

ड्वेनचा निम्मा मका कापून झाला हे वाचून बरं वाटलं. आता कामाचं बोलतो. हसू नकोस.

तुमच्या ऑस्बीच्या शाळेतली ती ब्रिन लोकेन, बास्केटबॉलमधली पॉइंट गार्ड. जूनमध्ये तिनं आमच्या कॉलेजकडून खेळायचा शब्द दिला आणि कोच व्हिटकोमनी चार वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली. पण शब्द म्हणजे वारा गं. कागदावर सही नऊ नोव्हेंबरला. तोपर्यंत मुलगी दुसरीकडे जाऊ शकते. तसं कॉलेजही मागे फिरू शकतं, पण आपलं कॉलेज असलं काही करत नाही.

तर गेल्या आठवड्यात तुमच्या जिममध्ये शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाची एक बाई दिसली म्हणे, कोचच्या हाताखालची. इंटरनेटवरच्या आमच्या चाहत्यांच्या फोरमवर नुसता गदारोळ चाललाय. डंकडॅडी नावाचा एक जण छातीठोक सांगतोय की मुलगी हातची गेली. कणीस६८ म्हणतो, लहान गावातल्या पोरी अशाच, मोठं जिम दिसलं की डोळे फिरतात. मी दिवसातून वीसदा उघडून बघतो. जेवण गोड लागत नाही. माझ्या जोअ‍ॅनला जाऊन सहा वर्षं झाली. कॉलेजच्या जिममधल्या आमच्या सतराव्या रांगेतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर मी आता कोट ठेवतो. या वयात मला उत्साहानं वाट बघावी असं दुसरं काय आहे, तूच सांग.

मी कॉलेजला देणगी देतो, त्यामुळे नियमानं मला त्या मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी एक अक्षर बोलता येत नाही. बहिणीला पत्र लिहायला मात्र बंदी नाही. एवढंच सांग, ती शाळेत कुठल्या रंगाचा स्वेटशर्ट घालून येते? आमचा हिरवा की त्यांचा लाल?

तुझा भाऊ,
ऑरविल


ऑस्बी
शुक्रवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ऑरविल,

तू सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, आणि सतरा वर्षांच्या मुलीनं काय घातलंय ते विचारतोस! ड्वेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे पत्र शेरीफच्या हाती लागू देऊ नकोस."

मी शाळेची लायब्ररी सांभाळते, तुमच्या कॉलेजची हेरगिरी करत नाही. आमच्या वेळी सहा-सहा जणी खेळायचो आणि मधली रेघ ओलांडायची सोय नव्हती. तेव्हा कुणी आमच्या स्वेटशर्टाचा रंग विचारत नव्हतं आणि आम्ही सुखात होतो.

ब्रिन चांगली मुलगी आहे. पुस्तकं उशिरा परत करते. शाळेच्या जेवणात राजम्याची चिली असते त्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून दोन सिनॅमन रोल हाणते आणि टेबल चिकट करून जाते. आई टॅमी वृद्धाश्रमात कामाला, बाप दुधाचा टँकर चालवतो. घरातलं कुणी आजवर कॉलेजात गेलेलं नाही.

हिरवा. झोप आता.

मार्लिस


कोल्बर्ट
सोमवार, १७ ऑक्टोबर

प्रिय मार्लिस,

तुझ्या त्या एका शब्दानं शनिवार सुखाचा गेला. काल पुन्हा काळजी.

हिवाळी सामन्यांआधीच्या रविवारच्या लीगमध्ये ब्रिन सलग दुसऱ्यांदा आली नाही. कारण कुणालाच ठाऊक नाही. मग फोरमवर काय वाटेल ते चाललंय. डंकडॅडी लिहितो, "खोटारडी. त्या दिवशी ती त्या मोठ्या विद्यापीठाच्या कॅम्पसवर जेवत होती." दुसऱ्यानं तिच्या आईला नावं ठेवली. मी 'सतरावी रांग' या नावानं लिहितो, तुला माहीत आहे. मी एकटा त्यांच्याशी भांडतोय. ही पोरगी डाव्या हातानं पास देते तेव्हा चेंडू मैत्रिणीच्या हातात पोचेपर्यंत समोरचीला पत्ता लागत नाही. असा हात असलेली मुलगी शब्द फिरवत नाही, असं लिहिलं. डंकडॅडी म्हणाला, "आजोबा, गोळ्या घेतल्या का?"

ती का आली नाही, एवढं कळलं तर या लोकांची तोंडं बंद करता येतील. मी कुणाला सांगणार नाही. मला स्वतःला शांत वाटावं म्हणून विचारतोय.

ऑरविल


ऑस्बी
शनिवार, २२ ऑक्टोबर

प्रिय ऑरविल,

हे वाच आणि विसरून जा.

खरं तर लिहिणार नव्हते. पण मोठी माणसं त्या पोरीला खोटारडी म्हणतात हे वाचून माझ्याच्यानं राहवलं नाही. शिवाय ही गोष्ट आठवडाभर मीच गिळून बसलेय, आणि ड्वेनला सांगावी तर तो मळणीच्या गडबडीत.

सोमवारी तिसऱ्या तासाला ब्रिन लायब्ररीत आली आणि विश्वकोशांच्या कपाटामागे जमिनीवर बसली. मी वाकून पाहिलं तर पँट वर सरकवलेली, गुडघा पावासारखा फुगलेला, त्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातली गोठवलेल्या मटारची पिशवी.

मी म्हटलं, "अगं, हे कधीपासून?"

"शाळा सुरू झाल्यापासून. खेळताना वळले आणि आत काहीतरी कट् झालं."

"कोच व्हिटकोमना सांगितलंस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "सही झाल्यावर सांगेन. मिसेस हेगन, प्लीज. तीनच आठवडे राहिलेत. आईला माहीत आहे, आता तुम्हाला. बस्स."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलं की कागद होतो. कागद झाला की सगळ्यांना कळतं."

रोज ती कपाटामागे जाते आणि मी तिकडे पाठ करून पुस्तकांवर शिक्के मारते. हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. तिची आई आहे, ती बघेल, असं स्वतःला सांगते. तू उगाच काळजी करत होतास एवढं कळावं म्हणून लिहिलं. मुलगी कुठंही पळालेली नाही.

कुणाकडेही अक्षर काढू नकोस.

मार्लिस


कोल्बर्ट
गुरुवार, २७ ऑक्टोबर

प्रिय मार्लिस,

पत्र मिळालं. इकडे थंडी पडली. मी छपराच्या पन्हाळीतली पानं काढली, शिडीवर चढून. तू रागावशील, पण शेजारच्या एल्मरनं शिडी धरली होती. रविवारी चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण आहे. मला तो मासा कधीच आवडला नाही, तरी जाईन.

तुमच्याकडे काय विशेष? लोकेन मंडळी ठीक ना? कुणाचे फोनबिन आले का त्यांना? सहज विचारतो.

मला वाटतं, गुडघ्याचं तिकडे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असणार. लंगडणारी मुलगी लपते थोडीच? त्या लीगमध्ये शंभरेक माणसं येतात. कुणीही पाहिलं असेल. नाही का?

फोरमवर मी हल्ली फारसा जात नाही. ड्वेनला नमस्कार.

ऑरविल


ऑस्बी
मंगळवार, १ नोव्हेंबर

ऑरविल,

गेल्या मंगळवारी कोच व्हिटकोमचा टॅमीला फोन आला. गोड आवाजात विचारलं, ब्रिनच्या गुडघ्याला काही झालंय असं कानावर आलं, खरं का? टॅमीला खोटं बोलता येत नाही. गुरुवारी त्यांनी एमआरआय करायला लावला. गुडघ्यातली कूर्चा फाटली आहे आणि बाजूचा एक बंधही ताणलेला आहे. शस्त्रक्रिया, मग कदाचित अख्खा हंगाम बाहेर. काल पुन्हा फोन आला. शिष्यवृत्ती "तूर्त थांबवली" आहे. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कुणाची असेल, हे टॅमीलाही कळतं.

ब्रिन आज शाळेत आली होती. कपाटामागे गेली नाही. आता लपवायचं काय राहिलं? माझ्या टेबलाशी बसली आणि मला विचारलं, "मिसेस हेगन, तुम्ही कुणाला सांगितलं का?"

मी "नाही" म्हणाले. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं आणि आज एका मुलीच्या डोळ्यात बघून खोटं बोलले.

तिला माहीत होतं, तिच्या आईला आणि मला. मी फक्त एका माणसाला लिहिलं. आणि त्या माणसाच्या गेल्या पत्रात पन्हाळी, मासे आणि शिडी आहे. तू आयुष्यात कधी मला मासे कळवले नाहीस.

सरळ विचारते. तू काय केलंस?

मार्लिस


कोल्बर्ट
शुक्रवार, ४ नोव्हेंबर

मार्लिस,

मी लिहिलं. फोरमवर.

तुझं पत्र सोमवारी, चोवीस तारखेला आलं. त्याच दुपारी डंकडॅडीनं लिहिलं होतं की मुलीनं लाल जर्सी घालून फोटो काढलाय, त्याच्या मेहुण्यानं पाहिलाय. खाली साठ जणांनी तिच्यावर तोंडसुख घेतलं. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं: "मुलगी कुठंही पळालेली नाही. तिचा गुडघा दुखतोय. बर्फ लावून बसते बिचारी. खात्रीची माहिती आहे. लाज वाटू द्या." एवढंच.

तुला शपथेवर सांगतो, बटण दाबताना मला अभिमान वाटत होता. वाटलं, घेतली मी तिची बाजू. दहा मिनिटांनी एकानं विचारलं, "गुडघा? कुठला? किती दिवस? कोचला माहीत आहे?" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी काय लिहून बसलो. मी ते लगेच पुसलं. पण तोवर कुणीतरी उतरवून घेऊन दुसरीकडे चिकटवलं होतं. 

ते मासे आणि पन्हाळी लिहिताना मला सगळं माहीत होतं. कुणीतरी लीगमध्ये पाहिलं असेल असं तू म्हणशील, आणि मग मलाही तसं मानता येईल, अशी आशा होती.

मी काय करू? गाडी काढून येऊ का? त्यांच्या दारात उभा राहून सांगतो, चूक माझी.

ऑरविल


ऑस्बी
सोमवार, ७ नोव्हेंबर

ऑरविल,

येऊ नकोस. तू देणगीदार आहेस. तू त्यांच्या दारात उभा राहिलास आणि कुणी पाहिलं, तर उद्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजला तिला घेतानाही दहा वेळा विचार करावा लागेल. क्षमा मागायचा हक्कसुद्धा तू घालवून बसलायस.

आता काही दिवस मला लिहू नकोस.

मा.


कोल्बर्ट
रविवार, २० नोव्हेंबर

प्रिय मार्लिस,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

नऊ तारखेला सह्या झाल्या. आमच्याकडे तीन मुलींनी केल्या. ब्रिनच्या जागी इलिनॉयची एक उंच मुलगी. कॉलेजनं फोटो लावले, हिरव्या टोप्या, केक.

मी चौदाला कोच व्हिटकोमना भेटलो. इतकी वर्षं त्या मला नावानं ओळखतात, जोअ‍ॅनच्या अंत्यविधीला आल्या होत्या. मी म्हटलं, "ती बातमी मीच फोडली. त्याची शिक्षा मुलीला नको."

त्या म्हणाल्या, "ऑरविल, आम्ही फोरम वाचत नाही."

टेबलावर माझं वाक्य छापलेला कागद होता. मला तो उलटा दिसत होता, तरी वाचता आला.

मी म्हटलं, "लपवलं तिनं, कारण तुम्ही असंच करणार हे तिला ठाऊक होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मला चौदा मुलींचा संघ उभा करायचाय आणि स्कॉलरशिपा मोजक्या आहेत. तिनं मला तीनदा सांगितलं की सगळं ठीक आहे. मी काय करायला हवं होतं?"

मी म्हणालो, "मग माझ्या दोन्ही खुर्च्या परत घ्या." वाटलं, त्या थांबवतील. त्या म्हणाल्या, "खाली तिकीट खिडकीवर कळवा, त्या बायका बघतील." एकतीस वर्षं धरलेल्या खुर्च्यांचं काम खिडकीवरच्या बाईनं दोन मिनिटांत उरकलं. पावती हवी का, विचारलं.

घरी येऊन फोरमवर पूर्ण नाव घालून लिहिलं की मी कोण, आणि मी काय केलं. तीन उत्तरं आली. एक शिवी. एक "जाऊ दे, म्हातारबा." तिसरं, "बरं झालं, वाचलो, नाहीतर मोडकी पोरगी गळ्यात पडली असती." मग वीस मिनिटांत सगळे इलिनॉयच्या मुलीच्या उंचीवर बोलायला लागले.

वाचणं सोडलं असं लिहिलं असतं, पण तुझ्याशी आता खोटं नको. दिवसातून एकदा उघडतो. लिहीत नाही.

ऑरविल


ऑस्बी
शुक्रवार, २० जानेवारी २०१२

ऑरविल,

डिसेंबरात ब्रिनची शस्त्रक्रिया झाली. कुबड्या गेल्या आठवड्यात सुटल्या. डॉक्टर म्हणाले, त्या गुडघ्यावर आणखी महिनाभर खेळली असती तर फार वाईट झालं असतं. हे तुझं मन हलकं करायला लिहीत नाही. ती वाचली ते तुझ्या शहाणपणामुळे नाही, नुसतं तुझ्या हातून घडून गेलं, एवढंच.

मी तिला सांगितलं. सोमवारी ती पुस्तक परत करायला आली तेव्हा. म्हटलं, "ब्रिन, मी तुला खोटं सांगितलं. मी माझ्या भावाला लिहिलं होतं. फोरमवर सतरावी रांग म्हणून लिहितो, तो."

ती म्हणाली, "सतरावी रांग? तो तुमचा भाऊ?"

"तू ओळखतेस?"

"मी सगळं वाचते. पंधराव्या वर्षापासून. आई म्हणते वाचू नकोस. पण दोनशे माणसं तुमच्याबद्दल बोलतायत हे कळल्यावर तुम्ही नाही वाचणार?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. तुला सुचलं होतं?

ती म्हणाली, "डाव्या हाताबद्दल त्यांनीच लिहिलं होतं ना? ते मी लॉकरमध्ये चिकटवलं होतं." मग पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेली. त्यानंतर लायब्ररीत आलेली नाही. चिलीच्या दिवशी माझ्यासमोरची खुर्ची रिकामी असते.

गुपित आधी मी फोडलं. दोन महिने तुझ्यावर राग धरला, कारण तो स्वतःवर धरण्यापेक्षा सोपा होता. आता लिहीत जा.

मार्लिस


कोल्बर्ट
मंगळवार, ३१ जानेवारी

प्रिय मार्लिस,

तिनं वाचलं होतं, हे तुझं वाक्य मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक.

मग बसून मी तिच्याबद्दल लिहिलेलं सगळं शोधून काढलं. दीड वर्षात दोनशे बारा वेळा लिहिलंय मी. एकेक वाचत गेलो, जसं सतराव्या वर्षी तिनं वाचलं असेल तसं. मला वाटत होतं, मी तिचा कैवारी. डाव्या हाताचं कौतुक एकदा केलंय. बाकी काय आहे सांगू? "बाहेरून नेम लागत नाही." "पाय जरा जड आहेत, उन्हाळ्यात चार किलो उतरवायला हवेत." "दबावाखाली गोंधळते." "पहिल्या दोन वर्षांत फार अपेक्षा नको." एकदा तिच्या वडिलांना उद्देशून गंमतही केली होती, दुधाच्या टँकरवरून. त्याला अठरा जणांनी हसून दाद दिली होती.

मेळ्यात डुकराचं वजन अंदाजानं सांगतात ना, तसं चाललं होतं माझं. आणि ते मूल कुंपणापलीकडे उभं राहून ऐकत होतं.

सगळं पुसून टाकलं. एक दिवस लागला. 

ऑरविल


नोराह फॉल्स, मिनेसोटा
रविवार, २ डिसेंबर २०१२

मिस्टर ऑरविल टेसडाल,

मिसेस हेगननी तुमचा पत्ता दिला. मी मागितला म्हणून दिला, त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्याशी मी उन्हाळ्यात पुन्हा बोलायला लागले.

मी इथे लहानशा कॉलेजात आहे. इथे खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही, कुणालाच. मी सकाळी कँटीनमध्ये ताटं धुते. संघात आहे. परवा चौदा महिन्यांनी पहिल्यांदा सामना खेळले, अकरा मिनिटं. गुडघा दुखला नाही, पण मला सारखं वाटत होतं की आता दुखेल. बाहेरून चार वेळा नेम धरला आणि चारही चुकले, म्हणजे तेवढं तुमचं बरोबर होतं.

तुम्ही सगळं पुसलंत ते माझ्या लक्षात आलं होतं. चांगलं होतं तेही गेलं.

मी पुष्कळ विचार केला. कोचशी मी खोटं बोलले, तुम्ही खरं बोललात, आणि तरी मला तुमचा राग येतो. मैत्रिणीला विचारलं, असं का? तिलाही सांगता आलं नाही. मला वाटतं, खरं होतं, पण ते तुमचं नव्हतं. माझं होतं. कधी सांगायचं ते मीच ठरवणार होते, आणि कदाचित चुकीचंच ठरवलं असतं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही माहीत नाही. हे कळवायला हवं असं वाटलं, कारण मिसेस हेगन म्हणाल्या की तुम्ही वाट बघता.

बारा जानेवारीला आमचा सामना आयोवातच आहे, तुमच्यापासून तासाभरावर. तिकीट लागत नाही, कुणीही येऊन बसतं. तुम्हाला यायचं तर या. नंतर कुठेही काही लिहू नका, चांगलंसुद्धा नाही. आणि मला भेटायला खाली येऊ नका. आई बरोबर असणार आहे, आणि ती माझ्यापेक्षा जास्त चिडलेली आहे.

ब्रिन लोकेन